चिबडाचे धनी

आमच्या शाळेत इतिहासाचा तास सुरू झाला, की घंटेचा आवाज विरायच्या आत कुणाचं तरी सैन्य चिखलात रुतायचं. पुस्तकात लिहिलेलं असो वा नसो. दिल्लीहून निघालेली फौज नर्मदा ओलांडून आपल्याकडं उतरली, की सर खडू खाली ठेवायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "आणि मग आभाळ भरून आलं." पुढचं पोरांना पाठ होतं. तोफांची चाकं काळ्या रानात बुडायची, उंट बसायचे, हत्ती उठायचे नाहीत आणि बादशहा तंबूत बसून चडफडायचा. परीक्षेत 'पराभवाची कारणे लिहा' असा प्रश्न आला आणि एखाद्यानं नुसतं 'पाऊस व चिखल' लिहिलं, तरी सर अर्धे गुण देऊन मोकळे व्हायचे. मग ती लढाई वाळवंटातली का असेना.

मागं सगळी शाळा त्यांना 'दलदल सर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा नवी होते. माहेर चारठाण्याचं, सासर परभणीचं; आणि या दोन्ही ठिकाणी दलदलीबद्दल कुणी मला एक अक्षर विचारलेलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची नेमकी सरांच्या शेजारी आली. ती रिकामी का होती, हे मधल्या सुट्टीत कळलं. मी डबा उघडला, तोच शेजारून प्रश्न आला, "मॅडम, मराठीत चिखलाला शब्द किती?"

"चिखल, गाळ, राड…" मी म्हटलं.

"बस्स?"

त्या 'बस्स'मध्ये इतकं दुःख होतं, की माझी पदवी परत घ्यावी असं त्यांच्या मनात आलं असणार. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. रेंदा, पंक, कर्दम, पाणथळ, दलदल, चिबड. "गाळ आणि रेंदा यात फरक काय?" मी म्हटलं, एकच की. सरांनी खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, गाळ खाली बसतो. रेंदा बसत नाही." यावर सुट्टी संपली. माझी भाकरी तशीच राहिली.

गंमत अशी, की चिखलावर इतका जीव असलेला हा माणूस चिखलाला शिवतसुद्धा नसे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे मोजे. खिशात घडी केलेली पांढरी दस्ती. पावसाळ्यात शाळेच्या फाटकापासून पायरीपर्यंत सगळी राडच. आम्ही साड्या उचलून, चपला हातात घेऊन कशाबशा यायचो. सर मात्र दगडावरून दगडावर उड्या घेत बगळ्यासारखे यायचे आणि आल्या आल्या नळावर पाय धुऊन दस्तीनं एकेक बोट कोरडं करायचे. मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला चिखल आवडतो ना?" तर म्हणाले, "मॅडम, वाघ आवडणारा माणूस वाघाच्या पिंजऱ्यात जाऊन झोपतो का?"

हातात एक वेळूची काठी असायची. पाऊल टाकायच्या आधी काठीनं जमीन टोचून बघायची, ही त्यांची सवय. रस्त्यावर ठीक आहे. पण बँकेच्या फरशीवर, लग्नाच्या मांडवात, अगदी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या सतरंजीवरसुद्धा. मुख्याध्यापक दर वेळी म्हणायचे, "या सर, खाली सिमेंटच आहे." एका स्नेहसंमेलनात सरांनी व्यासपीठ टोचलं आणि डावीकडची फळी पोकळ आहे म्हणाले. सगळे हसले. पाहुण्यांचं भाषण रंगात आलं, पाहुणे आवेशानं डावीकडं सरकले आणि कमरेपर्यंत खाली गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना तो भाषणाचाच भाग वाटला. सर मागं बसून शांतपणे म्हणाले, "ओढू नका. आधी त्यांना आडवं करा."

हे 'आडवं करा' त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. रुतलेला माणूस उभा राहायला धडपडतो आणि आणखी खाली जातो. त्यानं आडवं व्हावं, अंग पसरावं, मग पाय हळूहळू मोकळा होतो. हे शास्त्र झालं. पण सरांनी ते सगळ्या आयुष्याला लावून टाकलं होतं. कुणाची बदली झाली, कुणाचं सासूशी वाजलं, की सर म्हणायचे, "झटापट करू नका. काही दिवस आडवे व्हा." माझ्या नवऱ्याला हा उपदेश फार पटला. तो दर रविवारी अमलात आणायचा.

वाङ्मयात तर सर कुठं दलदल सापडते यावर टपलेलेच असायचे. मी वर्गात शिकवत असले, की दाराशी उभे राहून ऐकायचे. एकदा मी ती जुनी गोष्ट सांगत होते; सोन्याचं कडं दाखवून वाटसरूला बोलावणारा म्हातारा वाघ आणि मधल्या चिखलात रुतलेला लोभी वाटसरू. तात्पर्य सांगायला मी तोंड उघडणार, तोच दारातून आवाज आला, "लोभाचं काही नाही मॅडम. त्याच्याकडं काठी नव्हती." दुसऱ्यांदा एका थोर योद्ध्याच्या रथाचं चाक ऐन लढाईत जमिनीत रुतलं, तेव्हाही सर हळहळले. शापाबिपाचं त्यांना काही वाटलं नाही. "खाली उतरून चाक ओढत बसला! आधी घोडे सोडायचे, चाकाखाली गवत घालायचं. एवढी विद्या शिकला, पण गाडीवानाला दोन गोष्टी विचारल्या नाहीत." वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी बैलगाडी होती. त्यांना हे एकदम पटलं आणि माझा करुणरस गेला वाहून.

भूगोलही तेच शिकवायचे. कोळसा म्हणजे काय, तर जुनी दलदल. "आपल्या घरात दिवा लागतो तो कुण्या काळच्या चिखलावर," असं म्हणून ते दिव्याकडं असे बघायचे, की आम्हालाही क्षणभर त्या बटणाला नमस्कार करावासा वाटायचा.

दलदलीबद्दलचं हे सगळं ज्ञान पुस्तकी नव्हतं. सरांची स्वतःची एक दलदल होती. पिंगळीजवळ त्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची सामायिक जमीन. जवळून कालवा गेला, सगळ्या शिवाराचं भलं झालं आणि यांच्या उतारावरच्या तुकड्यात पाणी पाझरायला लागलं. पाझरलं ते पुन्हा आटलंच नाही. अशा कायम ओल्या राहणाऱ्या, पिकाला निकामी झालेल्या रानाला आमच्याकडं चिबड म्हणतात. गावानं हळहळ केली. सरांना मात्र लॉटरी लागली. लव्हाळा आला, पाणकणीस आलं, बेशरमाची जांभळी फुलं आली. मग बगळे, पाणकोंबड्या आणि लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे आले. सुट्टीच्या दिवशी सर दुर्बीण घेऊन जायचे, बांधावर लाकडी इस्टूल टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत बसायचे. बांधाच्या खाली कधी पाऊल नाही.

सगळ्या शाळांच्या सहली वेरूळला नाहीतर औंढ्याला जातात. सरांनी आमच्या सातवीची सहल रेल्वेनं पिंगळीला नेली. उतरलो, चाललो, चिबड बघितलं, डबे खाल्ले, आलो. पण पोरं खूश होती. दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळी सातवी पालथी पडून सरपटत होती. पालकांची तक्रार आली, की गणवेशाचं वाटोळं झालं. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं, तर सर सतरंजी टोचत आत गेले आणि म्हणाले, "एक दिवस यातला एखादा पोरगा वाचेल, तेव्हा त्याच्या आईला साबण मी पाठवतो."

आता धाकट्या भावाचं. त्याला सगळे बापू म्हणत. सर नोकरीसाठी परभणीला आले आणि रान बापूनंच सांभाळलं. नांगरट त्याची, पेरणी त्याची, कालव्याच्या पाण्यासाठी भांडणं त्याची. आणि चिबड दर वर्षी थोडं थोडं पसरत होतं. बापूच्या कापसाच्या कडेच्या ओळी पिवळ्या पडायच्या, पुढच्या वर्षी त्या ओळी चिबडात जायच्या. एक खोल चर खणून पाणी ओढ्याला काढून दिलं, तर सगळं रान मोकळं होईल, असं त्याचं म्हणणं. जमीन सामायिक, त्यामुळं सरांनी हो म्हटल्याशिवाय चर निघणार नव्हता. आणि सर शेकाट्यांची अंडी, स्थलांतर, निसर्गाचा समतोल असलं सगळं सांगत नाही म्हणत होते. शेवटी दोघांचं बोलणं बंद झालं. सणाला ताट जायचं, पण शब्द जात नव्हता.

एका उन्हाळ्यात सरांच्या कानावर आलं, की बापूनं चर काढायला जेसीबी सांगितलाय. सर माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला. "मॅडम, रविवारी पिंगळीला याल का? तुम्ही समोर असलात, की बापू शिव्या देत नाही." इतक्या वर्षांत माझ्या शिक्षणाचा असा उपयोग कुणी केला नव्हता. मी स्कूटी काढली.

आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी बांधाशी उभा होता. ड्रायव्हर चुडाव्याचा, त्याच्या सावलीत बसलेला. बापू कमरेवर हात देऊन उभा, मागं त्याची बायको. मला बघून म्हणाला, "या मॅडम. दादानं तुमाला बी आणलं का साक्षीला?"

"बापू, मशीन परत पाठव," सर म्हणाले. "खाली ओल आहे. मशीन जाईल आत."

"ओल? ह्या भेगा बघा की दादा. हात जायलाय आत! काळ्या रानाला भेग पडली म्हंजी रान वाळलं. आज्या-पणज्यापासून हेच चालत आलंय."

"ते रानाला. हे चिबड आहे. वरून ऊन लागतं, खालून कालव्याचं पाणी येतं. ही नुसती साय आहे."

खरं सांगते, मलाही बापूचंच पटलं. मीही काळ्या मातीतली. उन्हाळ्यात भेगाळलेलं रान म्हणजे दगड, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. समोर भेगाच भेगा होत्या, गवत वाळून पिवळं झालेलं. आमच्या जिल्ह्यातला कुणीही माणूस त्यावरून निर्धास्त चालत गेला असता.

ड्रायव्हर उठला. "मालक, आदी तुमी दोगं ठरवा. मशीन माझं न्हाई, शेटचं हाय."

"थांब. मी चालून दाखवतो," बापू म्हणाला आणि बांधावरून उतरला. चालत गेला, अगदी ऐटीत. बरंच आत गेल्यावर वळला, पाय आपटला आणि ओरडला, "हे बघा!"

पुढचं आम्ही बघितलंच. सायीला भोक पडावं तसा तो खाली गेला. आधी गुडघ्यापर्यंत. एक पाय उपटायला गेला, तर दुसरा मांडीपर्यंत.

"बापू, हलू नकोस!" सर बांधावरून ओरडले. "मागं रेल. आडवा हो."

"आडवा झालो तर तोंड जाईल की आत!"

"नाही जाणार. अंगाचं वजन पसरतं. हे बघ, चिखलाची घनता…"

"दादा, शिकवू नका! काढा मला!"

ड्रायव्हर दोर घेऊन धावला. कमरेला बांधून मशीननं ओढतो म्हणाला. सरांनी त्याचा हात धरला. "ओढू नकोस. मोडेल तो." तिकडं बापू घाबरला होता. जितका धडपडत होता तितका खाली चालला होता. कमर गेली. त्याचा आवाज चिरकायला लागला. मोठा माणूस, पण लहान पोरासारखा "दादा, दादा" करत होता.

सरांनी काठी टाकली. बापूच्या बायकोला म्हणाले, "कडबा आण. आणि बाज." ती पळत गेली. गोठ्याजवळच्या कडब्याच्या पेंढ्या आणि झोपायची बाज घेऊन आली. सरांनी पेंढ्या पुढं फेकल्या, बाज उलटी करून ढकलली आणि स्वतः खाली उतरले. पांढऱ्या शर्टानिशी, पांढऱ्या मोज्यांनिशी, पोटावर.

"सर, कपडे!" मी ओरडले. असल्या वेळी माणूस काय बोलेल त्याचा नेम नाही.

सर बाज ढकलत, सरपटत चालले. साय फुटली आणि काळा रेंदा त्यांच्या कोपरांवरून, छातीवरून, तोंडावर आला. थांबले नाहीत. बापूपाशी पोचल्यावर बाज त्याच्या छातीला लावली आणि मग त्यांचा आवाज आला. तो शाळेतला आवाज नव्हता. वर्षानुवर्षं परभणीत घोटलेली भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"बाप्या, बाजंवर पड. पड म्हणलं ना. आता टाच हलव. उगं वडू नगंस, नुसती हलव. मी हाय हितं."

"दादा, तुमाला पवता बी येत न्हाई. कशाला आलाव?"

"गप. दुसरी टाच हलव."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. ऊन कलंडलं एवढं खरं. दोघं चिखलात शेजारी शेजारी आडवे, आणि आम्ही बांधावर श्वास धरून. एक पाय सुटला, मग दुसरा. चप्पल गेली, ती गेलीच. दोघं बाजेला धरून, कडब्यावरून इंच इंच सरकत बांधाला लागले. ड्रायव्हरनं आणि मी हात देऊन वर घेतलं. कोण सर आणि कोण बापू, हे डोळ्यांवरून ओळखायचं.

सर खाली बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं, लाज न ठेवता. बापूच्या बायकोनं हंडाभर पाणी आणून दोघांवर ओतलं, तरी त्यांचं थांबेना. शेवटी म्हणाले, "बापू, आजच चर काढ. मला नगं ही दलदल. आरं, पाखरं बघत बसलो मी, आन् तू रोज ह्याच्या काठावर राबत होतास. काढ चर."

बापूनं तोंडातला चिखल थुंकला. "न्हाई काढत."

"काढ म्हणलं ना!"

"न्हाई म्हणलं ना! तुमी म्हणत होता तेच खरं निघालं. राहू द्या तुमची दलदल."

"मी मोठा हाय, मी सांगायलोय!"

"आन् कसतो मी!"

ड्रायव्हरनं आळीपाळीनं दोघांकडं बघितलं, मशीन सुरू केलं आणि म्हणाला, "तुमचं ठरलं की फोन करा." बापूची बायको म्हणाली, "आदी दोगं बी आंगूळ करा, मंग भांडा." मला हसू आवरेना. डोळेही भरले होते. दोन्ही एकदम चाललं होतं.

ते भांडण अजून मिटलेलं नाही. सर निवृत्त झाले. दर रविवारी गाडीनं पिंगळीला जातात आणि चर काढलाच पाहिजे म्हणून सांगतात. ओढ्यापर्यंतचा उतार त्यांनी मोजून आणलाय, कुठं वळण द्यायचं तेही ठरवलंय. बापू ऐकून घेतो आणि नाही म्हणतो. शेकाटे, अंडी, समतोल, सगळं सरांचंच सरांना ऐकवतो, तेही चुकीचं.

गेल्या थंडीत मी गेले होते. सर खाली रानात होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अनवाणी, हातात खुंट्या. चराची आखणी करत होते. बापू मला चहा द्यायला गोठ्यापाशी आला. मी म्हटलं, "बापू, एकदा ऐका की त्यांचं. तुमचंच रान सुटेल." तो थोडा वेळ बशीत फुंकर घालत राहिला.

"मॅडम, मला का समजत न्हाई? औंदा बी कापसाच्या दोन वळी गेल्या त्यात. जाऊ द्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नोकरी लागली तवापासून दादा रानात आला न्हाई. बांधावरून यायचा, बांधावरून जायचा. त्या दिवशी आला. आन् आता दर आयतवारी येतोय. भांडायला का हुईना, पर येतोय. चर काढला की भांडण मिटलं. मंग कशाला येईल?"

बशी खाली ठेवून तो उठला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि रानाकडं बघून ओरडला, "दादा, खुंट्या काढा त्या! मी चर काढू देणार न्हाई!"

तिकडून सर हातवारे करत, चिखल तुडवत, तावातावानं यायला लागले.